हमीद, कडी मी लावली होती

हमीद, तुला मातीत ठेवलं त्या दुपारी कबरस्तानाच्या फाटकापाशी मी चपला घालत होतो, तेव्हा एका माणसाने माझा हात हातात घेतला. कोण होता, ठाऊक नाही. म्हणाला, "तुम्हीच ना ते मास्तर? हमीदभाई ज्यांना म्हणाले होते, मी बाहेर मेलो तरी चालेल, तू कडी लाव आणि आतल्या पोरांना वाचव?" मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्याने ठरवलं. तीस वर्षं मी अशीच मान हलवत आलोय.

तुझी ही गोष्ट आता पुण्यात पुष्कळांना पाठ आहे. तुझ्या मोहल्ल्यात ती सांगतात, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सांगतात. एका सत्कारात तर माझाच सत्कार असून तुझीच गोष्ट सांगितली गेली आणि मी समोर हार घालून बसलो होतो. तूही पहिल्या रांगेत होतास. तू टाळ्या वाजवल्यास. त्या टाळ्यांचं काय करू, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून आज लिहायला बसलोय. तुला जाऊन तेवीस दिवस झाले.

नाना पेठेतल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. सगळं जग मला मास्तर म्हणायला लागलं तरी तुझ्यासाठी मी अऱ्याच राहिलो. तू लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान काढलंस, मी कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवू लागलो. सुदानचे, केनियाचे, येमेनचे, मॉरिशसचे. इंजिनिअर, डॉक्टर, नर्स व्हायला आलेली पोरं. एका दिवाळीच्या सुट्टीत मी हॉस्टेलवर गेलो, तर मेस बंद, आणि सुदानचा तय्यब खोलीत इस्त्री उलटी धरून तिच्यावर अंडं तळत होता. मी ते तुला हसत हसत सांगितलं. तू हसला नाहीस.

"जेवायला बोलाव त्यांना," म्हणालास. "सगळ्यांना. मी गाणी लावतो."

"गाणी कशाला?"

"परक्या गावात गुपचूप जेवायला लागलं की घास उतरत नाही, अऱ्या."

अशी ती सुरुवात. आमच्या सोसायटीमागचं छोटं कार्यालय, लग्नसराई नसेल तेव्हा मोकळं. महिन्याचा शेवटचा शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेआठ. शमीमवहिनी पातेलंभर डालचा आणि भात पाठवायच्या. पोरं आपापलं रांधून आणायची. तय्यबने पहिल्यांदा वांगं शेंगदाण्याच्या कुटात घोटून आणलं, तेव्हा माझी नलिनी बोट चाटून म्हणाली, "हे तर आमच्या माहेरचं भरीत." तय्यबला वाटलं तिने नावं ठेवली. मी भाषांतर केलं, तर तो तिच्या पाया पडला. आणि तू त्या कोपऱ्यात, दोन कॅसेट डेक आणि तो फणफणणारा अँप्लिफायर घेऊन. पोरांनी घरून आणलेल्या कॅसेट. प्रत्येक देशाला दोन गाणी, तिसरं मागितलं तर तू कानावर हात ठेवायचास. नाचायला मात्र सगळे. केनियाची ग्रेस तुला ओढून मध्ये घ्यायची आणि तू खांदे उडवत असा काही नाचायचास, की तुझ्या दुकानातल्या माणसांनी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तुला कोणी शेठ म्हटलं नसतं.

वस्तीला ते आवडत नव्हतं. आधी दारावर चिठ्ठी लागली. 'सदर ठिकाणी चालणारा धांगडधिंगा सभ्य वस्तीस शोभणारा नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी. – एक रहिवासी.' तू ती नीट वाचलीस आणि म्हणालास, "ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. असल्या माणसाची भीती नसते." मला मात्र असल्याच माणसांची भीती वाटायची. मी त्यांच्यातला होतो, मला ठाऊक होतं की आम्ही चिठ्ठी लिहितो, आणि मारायला दुसऱ्यांना पाठवतो.

मग बसस्टॉपवर कुणीतरी ग्रेसच्या अंगावर थुंकलं. तिने ओढणीने पुसलं, आली आणि नाचली. मग आमच्याच मजल्यावरची कॉलेजात जाणारी एक मुलगी नलिनीबरोबर जेवायला आली, आणि दोन गाण्यांपुरती त्यांच्या रांगेत नाचली. आठ दिवसांत ती दोन गाणी वस्तीभर झाली, आणि प्रत्येक तोंडातून निघताना जास्त घाणेरडी होऊन निघाली. तिचा भाऊ मला जिन्यात भेटला. "मास्तर, आता महिनाअखेरच्या शनिवारी बघतो," एवढंच म्हणाला. मी हे तुला सांगितलं नाही. हेही आज पहिल्यांदाच सांगतोय.

त्या शनिवारी साठेक माणसं होती. येमेनच्या पोरांचं दुसरं गाणं चालू होतं. बाहेर फाटक आपटल्याचा आवाज आला, मग शिट्ट्या. तू गाणं बारीक केलंस.

"मी बघतो," म्हणालास. "ओळखीचीच पोरं असतील. गणपतीत माझेच कर्णे नेतात."

तू ओसरीवर गेलास. मी उंबऱ्यात थांबलो. फाटकातून ती आत आली; काठ्या, हॉकी स्टिका, एकाच्या हातात सायकलची साखळी. पुढे तो भाऊ. आणि तू दोन्ही हात पसरून, लग्नातल्या यजमानासारखा म्हणालास, "आवाज कमी केलाय रे. जेवायला येता का? गरम आहे अजून."

साखळी हवेतून येते तेव्हा वाजते, हे मला त्या दिवशी कळलं. ती तुझ्या तोंडावर बसली. तू वाकलास. त्याच वेळी आतल्या खिडकीवर दगड आला आणि काच फुटली. काचेचे तुकडे वहिनींच्या डालच्यात पडले, ग्रेसचं कपाळ फाटलं, पोरं किंचाळली. तू वळलास. तू माझ्यापासून तीन पावलांवर होतास, हमीद. तू माझ्याकडे यायला निघाला होतास. तुझ्या ओठांतून रक्त गळत होतं आणि तू काही बोलत नव्हतास. कडी लाव म्हणाला नाहीस. पोरांना वाचव म्हणाला नाहीस. एक अक्षर बोलला नाहीस.

मी आत सरलो आणि दार लावलं. दोन फळ्यांचं जाड दार, वर लोखंडी कडी. ती नेहमी अडकायची, तुला आठवत असेल, दर वेळी दोघांना मिळून ओढावी लागायची. त्या दिवशी मी ती एका झटक्यात लावली.

तू दार वाजवलंस. "अऱ्या," म्हणालास. "अऱ्या, दार उघड."

मी पाठ लावून उभा राहिलो. दार धरून ठेवायला म्हणून नव्हे. टेकायला काहीतरी हवं होतं. बाहेर ते तुला मारत होते आणि प्रत्येक तडाखा लाकडातून माझ्या पाठीत येत होता. शिव्या ऐकू येत होत्या. "यांना नाचवतोस? आमच्या पोरींना नाचवतोस?" एकजण प्रत्येक फटक्याला तोच एक शब्द म्हणत होता, लाकूड फोडताना दम टाकतात तसा. आत गाणं अजून चालूच होतं, बारीक आवाजात. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

तय्यब माझ्यासमोर आला. "सर, हमीदभाई बाहेर आहेत."

"मला माहीत आहे."

"मग उघडा."

"इथे साठ माणसं आहेत, तय्यब."

"म्हणूनच म्हणतोय, उघडा."

आणि मी, हमीद, वर्गात वापरतो तो आवाज काढला. "जागेवर जाऊन बस," म्हणालो. त्या पोराला वळणच असं लावलेलं होतं की तो खरोखर एक पाऊल मागे सरला. गुरूचा शब्द. तेवढ्या वेळात बाहेर तुझा पाय मोडला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मग तय्यबने माझी कॉलर धरली आणि मला बाजूला भिरकावलं. माझं डोकं भिंतीवर आपटलं. त्याने कडी काढली, लोखंडी घडीची खुर्ची उचलली आणि तो बाहेर गेला. त्याच्यामागे तीस-चाळीस पोरं, ग्रेससुद्धा, रक्ताने डोळे भरलेली.

ते अकरा-बारा जण होते. एवढेच. तय्यबच्या खुर्चीने त्या भावाचे पुढचे दात गेले आणि बाकीचे साखळ्या टाकून पळाले. मिनिटभरात सगळं संपलं. म्हणजे मी दार लावलंच नसतं, तर सुरुवातीलाच मिनिटभरात संपलं असतं. हा हिशोब मी आयुष्यभर टाळला. तो करायला गणित लागत नाही.

तू पायरीवर पडला होतास. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला, डाव्या कानातून रक्त. तू माझ्याकडे पाहिलंस. शिवी दिली असतीस तर मी वाचलो असतो. तू म्हणालास, "डेक बंद कर रे, टेप अडकेल."

रिक्षात ग्रेसने तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. नर्सिंग शिकत होती ती. तुझा पाय तिने माझ्या छत्रीला बांधला. स्वतःच्या कपाळाला शेवटपर्यंत हात लावला नाही.

चौकीवर तय्यबने सरळ सांगितलं: सरांनी दार लावलं, हमीदभाई उघडा म्हणत होते, सरांनी उघडू दिलं नाही. मला विचारलं. मी म्हणालो, "गोंधळात काही समजलं नाही." दुसऱ्या दिवशी तुझा जबाब घ्यायला हवालदार आला, तेव्हा मी तुझ्या खाटेपाशी होतो. तू डोळे मिटूनच बोललास. "मीच त्याला म्हणालो, कडी लाव. आत पोरंपोरी होत्या. त्याची काही चूक नाही." हवालदार माझ्याकडे आदराने पाहायला लागला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बघा, तो परदेशी सरळ खोटं बोलतोय."

मी म्हणालो, "पोर आहे, घाबरला असेल."

तुझ्या खोट्यावर मी माझं एक खोटं चढवलं. तुझं मला वाचवायला होतं. माझं तय्यबला बुडवायला पुरेसं झालं. दात पडलेल्या पोराच्या घरच्यांनी तक्रार दिली. खुर्ची कुणी मारली ते सगळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय हा खोटारडा. कॉलेजने त्याला काढून टाकलं. जायच्या दिवशी तो तुझ्या खाटेपाशी आला, तुझा हात कपाळाला लावला. मी दाराशी होतो. माझ्याजवळून जाताना थांबला आणि त्याला मी शिकवलेल्या शुद्ध इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही चांगले शिक्षक आहात, सर." मागे वळून पाहिलं नाही. त्याचं पत्र कधी आलं नाही. यायचं कारण नव्हतं.

तू बरा झालास म्हणतात त्याला. पाय आखडला तो आखडला, डावा कान गेला तो गेला. लाउडस्पीकरवाला एका कानाने बहिरा. गिऱ्हाईक म्हणायचं, "हमीदभाई, एका बाजूचा कर्णा बंद आहे," आणि तू हसून म्हणायचास, "माझा पण." तीन वर्षांत दुकान बंद झालं.

पण पायाला प्लॅस्टर असतानाच तू म्हणाला होतास, "पुढच्या महिन्याचा शनिवार करू. तसाच. त्याच जागी."

मी उसळलो होतो. "वेड लागलंय तुला? उद्या कुणाचा जीव गेला तर?"

"मला माझ्या कोपऱ्यात बसवा. मी खुर्चीवरून गाणी लावीन."

"हमीद, मला त्या पोरांची काळजी आहे."

तू म्हणालास, "तुला पोरांची काळजी नाही, अऱ्या. तुला त्या दाराची भीती वाटते."

मी रागाने उठून गेलो. महिनाभर आलो नाही. मग आलो, आणि तू काही झालंच नाही असा चहा मागवलास. पण तो वाद आपण दरवर्षी केला. दर दिवाळीत. "पोरं अजून येतात परदेशातून, अजून मेस बंद असते," तू म्हणायचास. "आता सगळं मिळतं रे बाहेर," मी म्हणायचो. वाघोलीकडे एवढी कॉलेजं झाली, रस्त्यात परदेशी पोरं दिसली की तू गाडी थांबवायला लावायचास, कुठले, काय खाता, विचारायचास. मी गाडीत बसून राहायचो. मागच्या दिवाळीतही तू म्हणालास, "यंदा करू का? माझ्या घरात करू, दहाच जण." मी म्हणालो, "वय काय आपलं." तो वाद तिथेच राहिला, आणि हरलेला मी आहे, हे सांगायला तू उरला नाहीस.

आणि तरी तू येत राहिलास. नलिनीच्या शेवटच्या दुखण्यात, लिफ्ट बंद असताना, तो मोडका पाय घेऊन चार जिने चढून रोज आलास. तिला भरवलंस. तिने तुझ्या हातून खाल्लं, माझ्या हातून नाही खायची. ती गेली त्या सकाळी तू माझ्या पाठीवर हात ठेवलास, बरोबर त्या जागी, जिथे ते तडाखे अजून बसतात. मी तेव्हाच बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. तू म्हणालास, "राहू दे. आज नको." मला वाटलं, तू रडण्याबद्दल म्हणतोयस.

तुझ्या तिसऱ्या दिवशीच्या जियारतला, दुवा मागायला, मी तुझ्या घरी गेलो. माणसं निघून गेल्यावर तुझा मुलगा इरफान त्याच्या दोन पोरांना घेऊन माझ्यासमोर बसला. तो आता चाळिशीला आलाय, तुझ्यासारखंच एक भुवई वर करून बोलतो. म्हणाला, "काका, अब्बा त्या दिवशी नेमकं काय म्हणाले होते, या दोघांना तुमच्या तोंडून सांगा. आम्ही सांगतो ते ऐकीव."

पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तो काहीच म्हणाला नव्हता."

"म्हणजे?"

"कडी लाव असं हमीद म्हणालाच नाही. मी भ्यायलो आणि दार लावलं. तो बाहेरून उघड म्हणत होता. मी उघडलं नाही. ज्याने उघडलं, त्याला आपण सगळ्यांनी खोटारडा ठरवलं."

मग आतल्या दारातून शमीमवहिनी म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, भाऊजी."

मी वर पाहिलं. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या.

"हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशीच सांगितलं त्यांनी. मी भांडले. म्हटलं, मग पोलिसाला खोटं कशाला सांगितलंत? म्हणाले, चारचौघांत त्याला उघडा कशाला पाडू. माझ्याजवळ बोलेल तो." त्या थांबल्या. "तुम्ही येऊन गेलात की दर वेळी मला म्हणायचे, आज पण नाही बोलला. पहिली काही वर्षं हसून म्हणायचे. मग नुसतं म्हणायचे. नंतर नंतर तेही सोडलं."

हमीद, मला कुणी इतकं मारलेलं नाही.

वहिनी पुढे म्हणाल्या, "त्यांनी माफ केलं होतं तुम्हाला. मी नाही केलं. माझ्या घरात बसून तुम्ही माझ्या हातचं खाल्लंत, आणि समोर ते लंगडत पाणी आणायचे. मी नाही केलं माफ." आवाज चढला नव्हता. त्या आत गेल्या.

मी उठलो. इरफान जिन्यापर्यंत मागे आला. मला वाटलं, हात उगारेल. उगारला असता तर मी हललो नसतो.

"चाळिसाव्याला सगळे येतील," तो म्हणाला. "मोहल्ल्यातले, तुमच्या सोसायटीतले. तेव्हा ही गोष्ट तुम्ही सांगायची. सगळ्यांसमोर. त्या सुदानच्या माणसाचं नाव घेऊन."

"सांगेन."

"त्याचं पूर्ण नाव लिहून द्या मला. मी शोधतो."

मी दिलं. स्पेलिंग चुकलं नाही. इरफानने कागद खिशात घातला आणि तो तिथेच उभा राहिला. मग खालच्या आवाजात, जणू मी नाही म्हणालो तर बरं अशा आवाजात, त्याने विचारलं, "काका, अब्बांनी दार किती वेळा वाजवलं?"

तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, नलिनीने नाही.

"चार वेळा, हाताने," मी म्हणालो. "त्यानंतर त्याचं डोकं वाजत होतं."

इरफानने कठडा धरला. मग म्हणाला, "हेही सांगा," आणि वर निघून गेला.

चाळिसाव्याला अजून सतरा दिवस आहेत, हमीद. हेही सांगणार आहे.